पंप उचलणार कोण?

कोकणात ज्याची आंबा-काजूची बाग आहे, त्याची झोप जानेवारीपासून दोन गोष्टी उडवतात: मोहर आणि वणवा. मोहर गळला तर निदान हवामानाला शिव्या देता येतात. वणव्याचा कर्ता मात्र कधीच सापडत नाही. सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. मग कुणाची तरी विडी, कुणाची तरी भाजावळ, नाहीतर वाऱ्यात एकमेकींना भेटलेल्या विजेच्या तारा, आणि वर दुपारचा समुद्रावरून चढणारा वारा. बंब तालुक्याला. तो निघतो तेव्हा काजू जळत असतात आणि पोचतो तेव्हा पंचनामा चालू असतो. तोवर वाडीतली माणसं ऐन-किंजळीचे टहाळ घेऊन आगीला झोडपत असतात.

तेव्हा उचलून नेता येईल असा पेट्रोलचा पंप घ्यायचा, असा ठराव आम्ही भावंडांनी एकमताने केला. ठराव डोंबिवलीत झाला. बाग राजापूर तालुक्यात आहे आणि तिथे राहतात काका-काकू. म्हणजे पंप घेणार आम्ही, विझवणार ते.

विजेची मोटर का नको, हे काकांनी एका वाक्यात निकालात काढलं. "वणवा लागला की पहिली लाइन जाते, मग माणसं धावतात."

दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "एचपी किती हवी?" गावाकडे पंपाबद्दल दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्याने दोन इंची पंप पुढे केला. खोक्यावर छापलेलं: मिनिटाला 600 लिटर, हेड 30 मीटर. दोन्ही आकडे खरे. पण लग्नाच्या स्थळाचा पुण्यात फ्लॅट असतो आणि अमेरिकेत नोकरी असते, तसे खरे. दोन्हींचा लाभ एकदम होत नाही. पाणी 30 मीटर चढवायला गेलात तर वर पोचेपर्यंत धार शून्य होते, आणि 600 लिटर हवे असतील तर पाणी जवळजवळ चढवायचंच नाही. मधला तक्ता मागितला तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलीचा पगार विचारला होता.

शिवाय 600 लिटर आणायचे कुठून? हजार लिटरची टाकी तो पंप पावणेदोन मिनिटांत रिकामी करतो. त्यानंतर आपण, वणवा आणि चालू पंप असे तिघे एकमेकांकडे बघत राहायचं.

विहिरीतून घ्यावं, तर एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचं पाणी काठापासून नऊ मीटर खाली जातं. इथे इंजिनिअर भाच्याने सूत्रं हाती घेतली. पंप पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. ती फार तर सव्वादहा मीटर ढकलू शकते, आणि नळीचं घर्षण वगैरे जाऊन हाती सात मीटर उरतात. जगातला कितीही महाग पंप काठावर ठेवा, नियम तोच.

काकू तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे काम हवा करते, मग पैसे पंपाचे कशाला?"

भाचा अजून उत्तर शोधतो आहे.

"मग पंपच दोरीने विहिरीत सोडू," असं शेजारचे तात्या म्हणाले, आणि हा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेट्रोलच्या इंजिनाचा विषारी धूर विहिरीत कोंडतो आणि खाली उतरलेला माणूस वर येत नाही. तेव्हा सरळ उपाय ठरला. वीज असताना मोटरीने घरामागच्या उंचवट्यावरच्या टाक्या भरून ठेवायच्या आणि पंपाने त्यातलं पाणी घ्यायचं. पाणी उतारानेच बागेकडे जाणार, त्यामुळे दर दहा मीटर उंचीला एक किलोचा दाब फुकट मिळतो. ओढायची नळी कडक, नाहीतर ती आतल्या आत चिपटते. पुढचा पाइप मात्र स्वस्तात बारीक घेऊ नये. व्यास निम्मा केला तर तेवढंच पाणी न्यायला घर्षण तिसेक पट वाढतं. वाचवलेले पैसे सगळे त्या घर्षणात जातात.

खरा शोध काकांचा. मोहरावर मारायचा फवारणीचा एचटीपी पंप गोठ्यात होताच. मिनिटाला वीस-तीस लिटरच पाणी, पण दाब जबरदस्त. गवताच्या आगीला नेमकं हेच हवं. दोनशे लिटरचं पिंप घेऊन तो पिकअपमध्ये बसतो आणि आगीच्या कडेकडेने फिरतो. फक्त भुरीसाठी गंधक ढवळलेलं पिंप आधी धुवायचं. नाहीतर वणव्यावर गंधकाचं पाणी मारणारं घराणं म्हणून आमची गावात नोंद झाली असती. अर्थात जाळरेषा काढलेली नसेल, म्हणजे बागेभोवतीचा पट्टा आधीच साफ केलेला नसेल, तर दोन्ही पंप शोभेचे.

तरी घरासाठी पेट्रोलचा पंप हवाच होता, आणि तो शेवटी काकूंनी निवडला. दुकानात त्यांनी एचपी विचारली नाही. दोन इंचीला हात घातला, वीस-पंचवीस किलोचं ते धूड जागचं हललं नाही. "दुपारी दोन वाजता हा उचलणार कोण? हे झोपलेले असतात." मग दीड इंची, दहा किलोच्या आतबाहेरचा उचलला, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला सुरू झाला. "हा द्या."

पंप नुसता ठेवला तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल खराब होतं आणि ऐन वेळी दोरी ओढून खांदा निखळतो. म्हणून काकू तो दर शनिवारी पाच मिनिटं चालवतात. आधी त्याच्या पोटात तांब्याने पाणी ओततात, मग पदर खोचतात. नेम अजून बसायचा आहे. मे महिन्यातल्या सरावात धार गडग्यावरून पलीकडे गेली आणि शेजारच्या वहिनींच्या अंगणात वाळत घातलेल्या आंबापोळ्या, आमसुलं आणि निम्मे सांडगे सपशेल विझले.

वहिनी ओली सुपं गोळा करत म्हणाल्या, "काकू, वणवा परवडला हो. तो दर शनिवारी येत नाही."