अल्पमोली, बहुगुणी, खिशात मावणारी

लहान आणि स्वस्त दुर्बीण घ्यायची आहे, ही गोष्ट इच्छुकाने शक्यतो कोणाला सांगू नये. अनुभवी पक्षीनिरीक्षकाला तर नाहीच नाही. तो आधी मायेने हसेल आणि मग म्हणेल, "आणखी थोडे पैसे घाल ना." असे थोडे-थोडे चार वेळा घातले की माणूस थेट ऑस्ट्रियात बनलेल्या दुर्बिणीपाशी पोचतो. तिची किंमत नव्या स्कूटरपेक्षा जास्त असते, आणि स्कूटरवरून निदान भिगवणला तरी जाता येते. सबब, पुढील मार्गदर्शन एकान्तात वाचावे.

प्रथम गणित. दुर्बिणीवर ८×२५, १०×२५, ८×३२, ८×४२ असे काहीतरी छापलेले असते. मधली फुली पाहून गुणाकाराचा मोह होतो, तो आवरावा. दोनशे हे उत्तर कोणत्याही पक्ष्याच्या कामाचे नाही. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ भासतो तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. येथे करायचा तो भागाकार. पंचवीस भागिले आठ, साधारण तीन. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की डोळ्याकडच्या काचेत प्रकाशाचा एक ठिपका दिसतो, त्याचा हा व्यास. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरच उरते. तेव्हा तिनाचा ठिपका पुरतो, आणि शेजारच्या ८×४२ वाल्याचा सव्वापाचाचा ठिपका निम्माशिम्मा बुबुळावर सांडून वाया जातो. ही माहिती त्याला दुपारी बारा वाजता द्यावी. पहाटे कर्नाळ्याच्या झाडीत देऊ नये, कारण तिथे बाहुली मोठी होते, आपला ठिपका मात्र तिनाचाच राहतो, आणि समोरचा प्रत्येक पक्षी कोतवाल वाटू लागतो.

म्हणून ज्याचे मन तळी, खाडी आणि माळरानावर रमते, शेकाटे आणि रोहित ज्याला पुरेसे आहेत, त्याने ८×२५ घ्यावी. साधारण तीनशे ग्रॅम, खिशात जाते. ज्याला झाडीतल्या पाखरांचा नाद आहे त्याने ८×३२ कडे वळावे. भागाकार चार येतो, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. खिशात जात नाही, पण संध्याकाळी मानही चोळावी लागत नाही.

दहापटीचा आग्रह धरणाऱ्यांना समजावण्यात अर्थ नाही, तरी कर्तव्य म्हणून सांगतो. दहापटीत पक्षी दहापट होतो, तशी हाताची थरथरही दहापट होते. शिवाय नजरेचा पट्टा बहुधा आक्रसतो. आठपटीच्या बऱ्या दुर्बिणीतून हजार मीटरवरचा शंभर-सव्वाशे मीटर रुंद पट्टा दिसतो. स्वस्त दहापटीत त्याला कात्री लागते. सुभग पानांमागून पानांमागे उड्या मारत असताना अशा दुर्बिणीत पाने फार सुंदर दिसतात. झूम असलेली स्वस्त दुर्बीण याहून उदार: तिच्यात आधी पट्टा अरुंद, मग अंधार, मग थरथर, असे सगळे एकाच किमतीत मिळते.

पण याहून मोठी माया बाजारात आहे. तळहातावर मावणाऱ्या दुर्बिणीवर १००×१८० असे छापलेले आढळते. १८० मिलिमीटर म्हणजे पुढची काच पोह्यांच्या बशीएवढी हवी, आणि अशा दोन बशा, प्रत्येक डोळ्यापुढे एक. इच्छुकाने शाळेतली पट्टी सोबत न्यावी आणि विक्रेत्यासमोर काच मोजावी. बोलू काही नये. पट्टीच पुरे. तसेच लाल-नारिंगी चमकणाऱ्या काचांना भुलू नये. त्या लाल उजेड परतवून लावतात आणि आत निळसर-हिरवट चित्र पाठवतात. अशा दुर्बिणीतून हळद्याचा पोपट होतो, आणि पैसे देणाऱ्याचाही.

आता प्रत्यक्ष दुकान. विक्रेता म्हणेल, "बाहेर बघा." बघावे. पण त्याआधी पुढील विधी शांतपणे करावा, मागे रांग लागली तरी. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ होईल असे जमवावे. ज्याला सिनेमात दाखवतात तशी आडवी आठाची आकृती दिसते त्याचे हे काम अपुरे आहे. मग उजवा डोळा मिटून मधली फिरकी फिरवावी आणि डाव्या डोळ्याला समोरची पाटी रेखीव दिसू द्यावी. मग डावा मिटावा, फिरकीला हात न लावता उजव्या नळीवरचे कडे फिरवून तीच पाटी रेखीव करावी. कित्येकांच्या दुर्बिणीवर हे कडे वर्षानुवर्षे कारखान्यातून आले तसेच असते आणि ते "काचा बऱ्या नाहीत" म्हणून सांगत फिरतात.

त्यानंतर विजेची तार शोधावी. आपल्या शहरांत ती शोधावी लागत नाही. एक तार दोन दिसू लागली, किंवा मिनिटभरात भुवयांमागे ठणका सुरू झाला, तर दोन नळ्यांची दिशा जुळलेली नाही. स्वस्त मालातला हा सर्वांत घातक दोष, आणि तो नगागणिक बदलतो; म्हणून आपण पाहिला तोच नग घ्यावा, गोदामातला सीलबंद नको. मग पुन्हा तो प्रकाशाचा ठिपका पाहावा. गोल आणि कडेपर्यंत सारखा उजळ असेल तर आतला लोलक बहुधा बीएके-४ काचेचा. कडा करड्या पडून चौकोनी दिसू लागल्या तर साध्या काचेचा. खोक्यावर काय लिहिले आहे हा निराळा साहित्यप्रकार आहे.

चष्मेवाल्यांनी आणखी एक आकडा मागून घ्यावा: डोळा काचेपासून किती मागे ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते तो. पंधरा मिलिमीटर तरी हवेत. तेवढे नसतील तर जग किल्लीच्या भोकातून दिसते. डोळ्याकडची रबरी वाटी खाली दुमडायला विसरू नये.

घडणीत दोन पंथ आहेत. नाकाजवळ अरुंद आणि पुढे खांदे रुंदावलेली जुनी घडण इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाच्या १८५४ च्या पेटंटवरून आली. दिसायला आजोबांची, पण कमी पैशांत चित्र बहुधा तिचेच सरस. सरळ नळ्यांची घडण सडपातळ, म्हणून खिशाला प्रिय. मात्र तिच्यातला लोलक फार अचूक घासावा लागतो आणि त्यावर खास लेपही हवा, तो स्वस्तात मिळेलच असे नाही. इच्छुकाने पंथाभिमान न बाळगता तारेची परीक्षा ज्याला जमेल त्याला घ्यावे.

मुहूर्त दसऱ्याचा. पाहुणे पक्षी तोवर यायला लागलेले असतात, आणि ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहापर्यंत, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जयंतीपासून सालिम अलींच्या जयंतीपर्यंत, हाताला सवय होते.

लहान दुर्बिणीचा खरा फायदा मात्र कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. सोसायटीच्या गॅलरीत मोठी दुर्बीण घेऊन उभे राहिलेल्या माणसाला "समोरच्या बदामावर तांबट आहे" हे वाक्य कोणी पूर्ण करू देत नाही. लहान दुर्बीण मुठीत झाकली जाते. तरीही ती खिडक्यांच्या रांगेवर रोखू नये. सूर्याकडे तर कधीच नाही. तिथे सेक्रेटरीची नव्हे, डोळ्याची भीती आहे.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, काचेच्या आत बुरशी धरते. दुर्बीण सोबत मिळालेल्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि डब्यावर नाव घालावे, नाहीतर कोणीतरी तिच्यावर शेव भरेल.

शेवटी, घरातले वडीलधारे दुर्बीण मागतील आणि उलटी धरून म्हणतील, "हे तर आणखीच लांब गेलं." हसू नये. उलटी धरून डोळ्याकडची काच मुंगीच्या अगदी जवळ नेली की तीच दुर्बीण उत्तम भिंग होते, मुंगीच्या मिशा मोजता येतात. त्यांना ते दाखवावे. एका खर्चात दोन उपकरणे आली हे एकदा सर्वांसमोर सिद्ध झाले की घरात किंमत सांगताना तिला दोनाने भागायला हरकत नाही.