अनिवासी भामरागडकर

लॅपटॉपवर पोट असलेल्या माणसाला एकदा तरी अनिवासी व्हावंसं वाटतं. थायलंडच्या किनाऱ्यावर बसून परदेशी क्लायंटची कामं करायची आणि भाच्याच्या लग्नपत्रिकेत आपल्या नावापुढे ‘एनआरआय’ छापून घ्यायचं. कर वाचला नाही तरी चालेल, सोयऱ्यांना कळलं म्हणजे झालं.

नागपूरच्या सीए मॅडमनी हिशोब मांडला. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात काढले की तुम्ही निवासी. मग जगात कुठेही कमवा, कर इथे. तिकडे 180 दिवस झाले की थायलंडही तुम्हाला आपलं म्हणतं.

“आणि अनिवासी झालोच तर?”

“क्लायंटने पैसे थेट इथल्या खात्यात टाकले, तर तरीही करपात्र.”

“कुठल्याच देशात कर लागू नसेल तर?”

“परदेशी कमाई सोडून उत्पन्न 15 लाखांवर असेल, तर 2020 पासून कायदा अशा नागरिकाला निवासीच मानतो.”

15 लाख ऐकून मी चिंताक्रांत चेहरा केला. मॅडमनी माझं बँक स्टेटमेंट पाहिलेलं होतं. “तुम्ही निर्धास्त राहा,” त्या म्हणाल्या. इतका अपमानकारक दिलासा मला कुणी दिला नव्हता.

खरे जागतिक नागरिक आमचे आजोबा. जन्म मध्य प्रांत-वऱ्हाडात. 1950 साली ते मध्य प्रदेशात गेले, 1956 ला मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात. 1982 साली चंद्रपूर जिल्हा सोडून गडचिरोलीत आले. या सगळ्या प्रवासात खाट अंगणातून हलली नाही. उलट, इंद्रावती ओलांडून सोयरिकीला जात, तेव्हा ते इंग्रजी मुलखातून बस्तर संस्थानात शिरत. व्हिसा म्हणून काखेत कोंबडी. त्यांनी स्वतःला एनआरआय म्हणवलं नाही. पत्रिकाच छापत नव्हते.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगते, पूल बुडतो, भामरागड जगापासून तुटतं. नेट जातं, ते माझं दुखणं. पण अडलेली बाळंतीणही नदीच्या अलीकडेच राहते. तेव्हा आमची आठवण कुणाला येत नाही. कायदा मात्र तेही दिवस ‘भारतात वास्तव्य’ म्हणून चोख धरतो.

विवरणपत्राची मुदत वर्षानुवर्षं 31 जुलै होती, म्हणजे ऐन पुरात. म्हणून मी जूनमध्येच भरून टाकतो. मॅडम इतर अशिलांना माझं उदाहरण देतात, भामरागडचा शिस्तप्रिय करदाता म्हणून. पर्लकोटेचं नाव मी अजून त्यांच्यापाशी काढलेलं नाही.