पोवळेकराचं पाणी

पोवळेकराच्या घरी जायचं तर बूट दाराबाहेर काढायचे आणि हात आत गेल्यावर दाखवायचे. हातांना क्रीम, सॅनिटायझर, अत्तर यातलं काही लागलेलं नाही अशी खात्री पटली की मगच तो हात मिळवतो. त्याच्या टँकमध्ये हात घालावा असं आपल्या स्वप्नातही आलेलं नसतं. पण त्याच्या मते जगातला प्रत्येक माणूस तेवढ्यासाठीच टपलेला आहे.

पोवळेकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. ते मराठी मंडळानं दिलेलं आहे आणि आता त्याची बायकोही फोनवर 'पोवळेकर बाहेर गेलेत' असंच सांगते. माणूस मूळचा मालवणचा, राहायला न्यू जर्सीतल्या एडिसनला. नोकरी संगणकाची, म्हणजे पगारापुरती. बाकीचा जीव बैठकीच्या खोलीतल्या २५ गॅलनच्या काचपेटीत. म्हणजे सुमारे ९५ लिटर खारं पाणी, त्यात थोडे दगड, दोन क्लाउनफिश, काही खेकडे आणि गोगलगाई. पण ही सगळी नोकरमाणसं. यजमान वेगळेच. दगडांवर चिकटवलेले बोटाच्या पेराएवढे, जांभळे, हिरवे, केशरी तुकडे. अ‍ॅक्रोपोरा, माँटिपोरा, युफिलिया. सगळी कठीण सांगाड्याची पोवळी.

नवखा पाहुणा इथे हमखास घसरतो. "मंगळासाठी अंगठीत घालतात ते हेच का हो?" असं विचारतो. मग पोवळेकर त्याला खुर्चीत बसवतो. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, त्याचं घराणं निराळं. हे माझे प्रवाळभित्ती बांधणारे. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात आणि स्वतःच्या अंगाखाली दगड रचत जातात. वर मांस म्हणाल तर एक पातळ पापुद्रा. त्या पापुद्र्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं, उजेडावर साखर बनवतं आणि भाड्यापोटी बरीचशी मालकाला देतं. पाणी फार तापलं की भाडेकरू निघून जातात आणि घर पांढरं पडतं. एवढं होईपर्यंत पाहुण्याचा चहा निवलेला असतो आणि मंगळ वक्री झालेला असतो.

माझं स्पष्ट मत आहे की पोवळेकर पोवळी पाळतच नाही. तो आकडे पाळतो. क्षार हजारी ३५. तापमान साडेपंचवीस. कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००. आणि सगळ्यांच्या वर देव्हाऱ्यात अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप, साडेआठ डीकेएच. ती साडेसात असती तरी पोवळी जगली असती, नऊ असती तरी जगली असती. पण आज साडेसात आणि उद्या नऊ झाली की अ‍ॅक्रोपोरा बुडापासून सोलायला लागते, आणि फार बिनसलं तर एका रात्रीत पांढरा सांगाडा उरतो. टँक मोठा असेल तर चुकीला पसरायला जागा तरी मिळते. ९५ लिटरमध्ये चमचाभर चूकसुद्धा दुपारपर्यंत दिसते. म्हणून रोज सकाळी, दात घासण्याआधी, पोवळेकर खिडकीपाशी परीक्षानळी धरून उभा असतो. पिचकारीतून एकेक थेंब सोडायचा, नळी हलवायची, रंग पालटला का पाहायचं. त्या वेळी घरात कुणी बोलत नाही. मागे डॉक्टरांनी मधुमेहाच्या तपासणीत सहज विचारलं, "शेवटचा आकडा किती होता?" हा तत्काळ म्हणाला, "साडेआठ. गेलं वर्षभर हललेला नाही." आवाजात अभिमान होता. डॉक्टर इन्सुलिनबद्दल बोलायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

आकडे हलवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर माणसांचा. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच घसरतो. हे शास्त्र खरं आहे, त्याला मी काही म्हणत नाही. पण त्याच्या घरी गणपतीच्या दर्शनाला अर्धं मंडळ लोटतं, तेव्हा हा यंत्राच्या पडद्याकडे बघत बसतो. ८.२ वरून ८.०, मग ७.९. आरतीला सगळे टिपेला लागले की त्याच्या कपाळावर घाम. मोठमोठ्यानं आरत्या म्हणणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना तो दरवर्षी आग्रहानं बाहेर व्हरांड्यात चहाला नेतो. त्यांना वाटतं, आपला मान आहे. जानेवारीच्या बर्फातही एक खिडकी चार बोटं उघडीच असते. वहिनी घरात स्वेटरवर शाल घेऊन भाकऱ्या थापतात. फोडणी मात्र गॅरेजमध्ये, कारण तेलाची वाफ पाण्यावर तवंग धरते.

२०१२च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आलं आणि न्यू जर्सीतल्या लाखो घरांचे दिवे गेले. लोकांनी मेणबत्त्या शोधल्या. पोवळेकरानं घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या शोधल्या आणि टँकभोवती गुंडाळल्या. बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, आणि पंपाच्या जास्तीच्या बॅटऱ्यांसाठी टॉर्च, रेडिओ आणि मुलीचं खेळणं रिकामं केलं. आम्ही चौकशीला गेलो तर माणसं कोट घालून बसलेली आणि क्लाउनफिश वाकळेत. वहिनी म्हणाल्या, "आत उबदार आहे म्हणे. जाऊन बसावं म्हणते." त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "नको, क्रीम लावलंयस."

त्याची आई मालवणहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा खरी परीक्षा झाली. काकूंचा जन्म समुद्राला पाठ लावून गेलेला. त्यांनी चष्मा चढवून काचेतून नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्यातलो खावचो मासो खंयचो?" एकही नाही म्हटल्यावर त्या उठून आत गेल्या. पण मन मोठं. रोज सूर्याला अर्घ्य देताना त्यांच्या लक्षात आलं की पेटीतलं पाणी खाली जातं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तेही सात गाळण्यांतून काढलेल्या, ज्यात काही म्हणता काही विरघळलेलं नाही अशा. त्यासाठी न्हाणीघरात एक यंत्र बसवलेलं आहे. घरातली माणसं साधं नळाचं पितात. काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्या प्रेमानं तांब्याचा तांब्या घेऊन टँकपाशी गेल्या. तांब्याचा अगदी सूक्ष्म अंशही पोवळ्यांना आणि खेकडा-झिंग्यांना विष असतो. पोवळेकर जिन्यावरून ओरडत आला तो आवाज शेजारच्या गुजराती कुटुंबानं ऐकला आणि ते मदतीला धावून आले. तांब्या हवेतच अडवला गेला. काकू दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. सूर्याला चालतं ते ह्याच्या दगडांना चालत नाही, हे त्यांनी मालवणला फोन करून प्रत्येक नातेवाइकाला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्या केर काढताना टँकखालचं कपाट उघडून बसल्या. आत वोडकाची बाटली. शेजारी सुया नसलेल्या सिरिंजा. एका डब्यात पांढरी भुकटी. आणि भुकटी मोजायचा नाजूक वजनकाटा. काकू जागच्या जागी मटकन बसल्या. परदेशात मुलं वाया जातात हे त्यांनी ऐकलं होतं, पण इतकी सगळी सोय एकाच कपाटात असेल असं वाटलं नव्हतं. मुलगा घरी आल्यावर चौकशी बसली.

भुकटी चुन्याची होती. चुन्याची निवळी रात्रभर थेंबथेंब सोडली की पोवळ्यांनी खाल्लेलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही परत भरून निघतात. जर्मन हौशी लोकांत ही पद्धत पीटर विल्केन्स यांनी रुजवली आणि तिथून जगभर गेली. निवळीचा पीएच बारापुढे, म्हणून घाई केली तर पोवळी भाजून निघतात. हे काकूंना पटलं. पानाचा चुना जास्त झाला की तोंडाचं काय होतं, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. प्रश्न वोडकाचा होता.

"आये, ती माझ्यासाठी नाय गो, जंतूंसाठी."

"जंतू दारू पितत?"

पितात. वोडकातलं अल्कोहोल खाऊन जिवाणू फोफावतात, फोफावताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात, आणि मग फेस काढणारं यंत्र त्या जिवाणूंनाच फेसाबरोबर बाहेर काढतं. डोस थेंबांच्या हिशेबात. पोवळेकरानं हे तासभर समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आधी पाजूची आणि मगे भायर काढूची." त्या संध्याकाळी त्यांनी बाटलीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. ती रेघ अजून दर महिन्याला खाली सरकवली जाते, वहिनींच्या देखरेखीखाली.

या निर्जीव दिसणाऱ्या तुकड्यांचे स्वभाव मात्र पोवळेकरामुळेच मला कळले. दिवसा गॅलॅक्सिया फुलासारखी बसून असते. दिवे मालवले की वीतभर लांब दंशाचे धागे बाहेर सोडते आणि शेजारणीला चाटून जाते. कोकणात बांधावरून चुलत्यांचं चालतं तसं हे चालतं. दिवसा नमस्कार, रात्री हद्द सरकवणं. छोट्या टँकमध्ये वाटणी करायला जागा नसते, त्यामुळे पोवळेकर रात्री दोन वाजता लाल टॉर्च घेऊन पंचनामा करत असतो.

आणि खर्च. हॉटेलांच्या हॉलमध्ये पोवळ्यांचे बाजार भरतात, तिथे नखाएवढा तुकडा साडीच्या भावात जातो. विकणारे त्यांना भारदस्त नावं देतात. एका अ‍ॅक्रोपोराचं बाजारातलं नाव 'होमरेकर' आहे. ते वहिनींनी बिलावर वाचलं, बिलाची नीट घडी घातली आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवून दिली.

'परत भारतात जायचं का' हा चर्चेचा विषय मंडळात दर शनिवारी निघतो. कुणी मुलांच्या शाळेचं सांगतं, कुणी रस्त्यांचं. पोवळेकराकडे कायद्याचं कलम आहे. भारतानं २००१ साली प्रवाळभित्ती बांधणारी सगळी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली, वाघाच्या पंगतीला. "पुण्यात माझा टँक म्हणजे दिवाणखान्यात वाघ," असं तो सांगतो, आणि त्याच्यापुढे कुणाचा युक्तिवाद चालत नाही. कायदा योग्यच आहे असंही तो लगेच म्हणतो. समुद्रातलं पोवळं छिन्नीनं फोडून आणणाऱ्याचा त्याला मनापासून संताप आहे. त्याच्याकडचे सगळे तुकडे टँकमध्येच वाढवलेल्या पोवळ्यांचे, कापून, गोंदानं चिकटवून, एकमेकांना वाटलेले.

गेल्या डिसेंबरात काकूंच्या आग्रहावरून तो मालवणला गेला. टँक एका मित्राकडे सोपवताना सूचनांची वही दिली, तिला अनुक्रमणिका होती. मालवणची किनारपट्टी १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तळाशी पोवळी आहेत, ती याच्या लहानपणीही होती आणि त्यानं तेव्हा ढुंकून पाहिली नव्हती. या खेपेला तो होडीतून गेला, तोंडाला नळी लावून पाण्यात उतरला, कशालाही हात न लावता अर्ध्या तासानं वर आला. डोळे लाल. वहिनींना वाटलं, गहिवरलाय. त्यानं पिशवीतून परीक्षानळी काढली, समुद्राचं पाणी भरलं, थेंब मोजले. पुन्हा मोजले. मग चेहरा पाडून म्हणाला, "सातच्या आसपास. कमी आहे."

काकू होडीच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी पानाचा डबा उघडला आणि मुलापुढे धरला.

"मगे घाल थोडो चुनो दर्यात."