रागीट माणसांचा सद्गुण

आमच्या वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांना पवित्र आत्म्याची नऊ फळं पाठ करावी लागतात. प्रीती, आनंद, शांती अगदी घोळवून म्हणतात. सहनशीलता आणि ममता जरा घाईत, चांगुलपणा-विश्वासूपणा एका दमात. आठव्या सौम्यतेपर्यंत दम संपलेला असतो. मग ती गिळली जाते आणि पोरगं थेट नवव्या इंद्रियदमनावर जाऊन आदळतं. त्याचा अर्थ त्याला कोणीच सांगत नाही. मोठेपणीही आमचं साधारण असंच चालतं.

यादी संत पौलाची, गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली. फळांची टोपली उघडते बाविसाव्या वचनात. पण बाराव्या वचनात हाच पौल, सुंतेचा हट्ट धरून मंडळीत गोंधळ घालणाऱ्यांना उद्देशून म्हणतो की कापाकापीची एवढी हौस असेल तर त्यांनी स्वतःचं सगळंच छाटून घ्यावं. मध्ये अंतर फक्त दहा वचनांचं. गलतीकरांना बुद्धिहीन म्हणणं तर तिसऱ्या अध्यायातच उरकलेलं आहे.

यात विसंगती शोधणारे शोधोत, मला तर यातून धीर मिळतो. सौम्यता हा मुळात तापट माणसांचा सद्गुण आहे, असं माझं पक्कं मत होत चाललं आहे. ज्याला रागच येत नाही त्याने सौम्यतेचं श्रेय घेणं म्हणजे जन्माने शाकाहारी माणसाने उपवासकाळात मटण सोडल्याचं सांगण्यासारखं.

बायबल उघडा, माझ्या बाजूने साक्षीदार रांग लावून उभे आहेत. गणना नावाच्या पुस्तकात मोशे हा पृथ्वीतलावरचा सर्वांत नम्र माणूस असल्याचं म्हटलं आहे. (हे पुस्तक मोशेनेच लिहिलं, असं परंपरा सांगते. असो.) या नम्र गृहस्थाने सोन्याचं वासरू पाहिल्याबरोबर देवाने दिलेल्या दगडी पाट्या आपटून फोडल्या. येशूचे शिष्य याकोब आणि योहान यांना तर खुद्द प्रभूनेच गर्जनेचे पुत्र असं नाव ठेवलं होतं. शोमरोनी लोकांच्या एका गावाने मुक्कामाला जागा दिली नाही, तर या दोघांनी लगेच विचारलं, आकाशातून आग पाडायची का? प्रभूने त्यांना दटावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले.

पुढच्या काळात संत फ्रान्सिस डी सेल्स. जन्म 1567 चा. सौम्यतेचा संत म्हणून ख्याती, पण चरित्रकार सांगतात की स्वभाव मूळचा तापट, तो ताब्यात आणायला वर्षानुवर्षं गेली. 1602 साली ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण जिनिव्हा कॅल्विनपंथीयांच्या हातात, त्यामुळे बिशपसाहेबांचा मुक्काम अनेसी गावात. आपल्याच शहरात राहायची चोरी! त्याआधी शाब्ले प्रांतात लोक त्यांचं प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून आत सरकवली. म्हणून 1923 साली पोपमहाशयांनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते ठरवलं. सगळ्यांत सौम्य संत पत्रकारांच्या वाट्याला आला. संध्याकाळी टीव्हीवरची चर्चा लावली की या संताचं काम किती वाढलंय ते कळतं.

आणि आपल्या मराठीत रेव्हरंड टिळक आहेतच. फुलामुलांवर इतकं हळुवार लिहिणाऱ्या या कवीचा राग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात असा सांगितला आहे की वाचणाऱ्याला टिळकांचा राग येत नाही, हसू येतं. त्या दोघांत खरं सौम्य कोण, याबद्दल मला शंका नाही. गप्प बसणारी बाई नव्हती ती. फटकळ होती, पण विष नव्हतं.

विष असतं ते गोड बोलण्यात. चर्चच्या गायनमंडळात एक बाई दुसरीला अत्यंत मऊ आवाजात म्हणते, “आज तुमचं गाणं फारच छान झालं हं. माईक बंद होता ना.” आवाज जराही चढलेला नाही, चेहऱ्यावर मेरीमातेची शांती, आणि समोरची बाई पुढचे दोन रविवार सरावाला येत नाही. याला सौम्यता म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावं. मी याकोब-योहानाच्या बाजूचा. त्यांनी निदान आगीची परवानगी तरी मागितली.

तशी आम्हा वसईकरांची पंचाईत आवाजातच आहे. वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या हाका मारून घडलेले हे गळे. दोघे भाऊ पावसाबद्दल बोलत असले तरी परगावच्या माणसाला वाटतं, आता विळे निघणार. मिस्सेत शांतीचं अभिवादन करताना मात्र आम्ही डावीकडे, उजवीकडे, मागे वळून इतके लवून हात जोडतो की पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत. मग मिस्सा संपते आणि तेच जोडलेले हात फाटकाजवळ आडव्या लावलेल्या स्कूटरच्या हॉर्नवर जातात. अर्ध्या तासापूर्वी ज्याला शांती दिली, त्याचीच स्कूटर.

पण माझी आत्या वेगळी. म्हणजे रागाने नव्हे, रागाला ती आमच्या घराण्यात पहिली. शेजारचा पुतण्या बांधावरचा दगड दर पावसाळ्यात वीतभर हिच्या बाजूला सरकवायचा. एकदा आत्याने दगड उचलून मूळ जागी नेऊन ठेवला. पठ्ठ्या सकाळीच तावातावाने अंगणात आला. आत्याने खुर्ची पुढे केली.

“बस आधी. उन्हातून आलास.”

“बसायला नाय आलो, आत्या!”

“मग उभ्याने घे,” म्हणून तिने गवती चहाची वाफाळती बशी त्याच्या हातात दिली.

हातात काठोकाठ भरलेली गरम बशी असताना माणसाला ओरडता येत नाही. हातवारे तर विसराच. तो फुंकर मारी, एक वाक्य बोले, पुन्हा फुंकर मारी. बशी रिकामी झाली की आत्या भरायची. त्याच्या बापाचा गुडघा कसा आहे, पोरीचं पहिलं कम्युनियन कधी, सगळं विचारून झालं. मधूनच, तितक्याच हळू आवाजात, “दगड तिथंच राहील हं.” असं तीनदा. तिसऱ्या वेळी तो “बरं” म्हणाला आणि राजेळी केळ्यांची फणी घेऊन घरी गेला.

तो फाटकाबाहेर पडला मात्र, आत्याने अंगणातल्या कोंबड्यांना जे झापलं ते अर्ध्या आळीने ऐकलं. कोंबड्यांवर ओरडलेलं पापनिवेदनात सांगावं लागत नाही, हे तिने फादरांना आधीच विचारून ठेवलेलं आहे.