स्मार्टराव

स्मार्टराव हा सातारा-सांगली पट्ट्यात गेल्या काही वर्षांत रुजलेला गृहस्थांचा एक प्रकार होय. घरातला प्रत्येक दिवा, पंखा आणि गीझर फोनवरून लावता आला पाहिजे, अशी त्याची श्रद्धा असते. तो लागला नाही तर दोष राउटरचा किंवा घरच्यांचा, अशी खात्रीही असते. बोलके स्पीकर २०१७ साली भारतात आले, तेव्हापासून हा प्रकार ठळकपणे दिसू लागला. त्याआधी हीच माणसे गच्चीवर अँटेना फिरवत 'आलं का?' असे खाली ओरडून विचारत असत.

याच्या दोन पोटजाती आहेत. सातारी स्मार्टराव बहुधा साताऱ्यात राहतच नाही. तो हिंजवडीला नोकरीला असतो, शुक्रवारी रात्री खंबाटकी उतरून गोडोलीत किंवा शाहूपुरीत आई-वडिलांकडे येतो आणि येताना चार बल्बांचे खोके आणतो. रविवारी तो कंदी पेढे घेऊन परत जातो. बल्ब इथेच राहतात आणि सोमवारपासून त्यांच्या तक्रारी फोनवर सुरू होतात. सांगलीचा स्मार्टराव मुक्कामी असतो. त्यातही तो विश्रामबागेतला असला, म्हणजे १९४७ पासून इंजिनिअर घडवणाऱ्या वालचंद कॉलेजच्या हवेतला असला, तर विकतच्या मालाला नाक मुरडतो. २०१४ च्या सुमारास आलेली ईएसपी-८२६६ ही स्वस्त वाय-फाय चिप आणून, तिला रिले डकवून तो स्वतःचे स्विच बनवतो. टीव्हीमागे रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आणि त्यावर होम असिस्टंट ही फुकट प्रणाली, हा त्याच्या घराचा मेंदू. लाइट अचानक गेली की त्यातले मेमरी कार्ड कधीकधी बिघडते आणि अख्ख्या घराची स्मृती जाते. मग ती परत येईपर्यंत घरातली मंडळी बॅटरी घेऊन न्हाणीघरात जातात.

दोन्ही पोटजातींचा शत्रू एकच, भिंतीवरचे बटण.

स्मार्ट बल्बच्या पोटात एक छोटा रेडिओ असतो. तो जागा राहायचा तर होल्डरला अखंड वीज हवी, म्हणजेच बटण कायम चालू हवे. आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, हे तर इकडच्या घरांत पाढ्यांच्याही आधी शिकवतात. आई सवयीने बटण दाबते, बल्ब झोपतो, आणि हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाच्या फोनवर 'डिव्हाइस ऑफलाइन' असे उमटते. तो बाहेर येऊन फोन लावतो. "आई, हॉलचं बटण चालू कर." "अरे, हॉलमध्ये कुणीच नाही." "म्हणूनच चालू कर, म्हणजे मला इथून बंद करता येईल." यावर पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यात मुलाच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाचा हिशेब चाललेला असतो.

उपाय म्हणून बटणावर सेलोटेप चिकटवून 'बंद करू नये' असे लिहिले जाते. पाहुण्यांना ती शॉकची सूचना वाटते आणि ते अंधारातच बसून राहतात. वीज वाचते, हा स्मार्टरावाचा आवडता मुद्दा. पण असा बल्ब विझलेला असतानाही ऐकत बसण्यासाठी साधारण अर्धा वॅट खातो. दहा बल्ब महिनाभर नुसते ऐकत बसले तर साडेतीन युनिटच्या वर जातात. तेवढ्यात नऊ वॅटचा साधा एलईडी चारशे तास जळतो. हा हिशेब घरात वडिलांनी मांडलेला असतो आणि त्यावर चर्चा होत नाही.

नवा बल्ब वाय-फायला जोडणे, म्हणजे 'पेअरिंग', हा या प्रकाराचा मुख्य विधी. मुहूर्त गौरी येण्याच्या दिवशीचा किंवा धनत्रयोदशीच्या संध्याकाळचा, म्हणजे घरात कुणालाही सवड नसतानाचा. स्मार्टराव स्टुलावर, एका हातात फोन, दुसरा हात बल्बला. बायको बटणापाशी, पिठाच्या हातांनी. बहुतेक कंपन्यांची रीत सारखीच: बटण ठरावीक वेळा भराभर चालू-बंद करा, बल्ब लुकलुकू लागेल. "चालू. बंद. चालू. बंद. चालू. थांब! लुकलुकतोय का?" "नुसता लागलाय." "तू हळू दाबलंस." "मी हळू दाबलं?" इथे विधी काही वेळ खंडित होतो. पुढे बल्ब एकदाचा लुकलुकतो, ॲपमध्ये पासवर्ड जातो, आकडा चढत चढत नव्व्याण्णव टक्क्यांवर येतो आणि 'जोडणी अयशस्वी' असे सांगून मोकळा होतो.

कारण बहुतेक वेळा साधे असते. स्मार्ट बल्बांना सहसा २.४ गिगाहर्ट्झचाच वाय-फाय कळतो. नवे राउटर २.४ आणि ५ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने सोडतात. फोन पाचवर बसतो, बल्ब दोनवर चाचपडतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. जोडणीपुरता राउटरमधला पाचचा पट्टा बंद करावा किंवा दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत. तेही जमत नसेल तर फोन घेऊन राउटरपासून थोडे लांब, परड्यात वगैरे जावे. पाचचा पट्टा भिंतीपलीकडे लवकर दम टाकतो आणि फोन आपोआप दोनवर उतरतो. साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या हातभर जाड भिंतींच्या वाड्यांत मात्र दोनचा पट्टाही माजघरापर्यंत पोचत नाही. तिथे दुसरे यंत्र मध्ये बसवण्यावाचून गत्यंतर नसते.

पेअरिंग टिकते ते पहिल्या वळवापर्यंत. सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचे धरण आहे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. तरी वादळात फांदी तारेवर पडायची ती पडतेच. लाइट जाते, येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. बल्बाला वाटते, कुणीतरी बटण भराभर दाबतेय. तो जुनी ओळख विसरून जोडणीच्या अवस्थेत जातो आणि रात्रभर एकटाच लुकलुकत बसतो. दुसरा त्रास पहाटेचा. गेलेली लाइट तीन वाजता आली की पुष्कळसे बल्ब आपण विझलेलो होतो हे विसरून पूर्ण उजेडात पेटतात. अख्खे घर डोळे चोळत उठते, शेजारचे विचारपूस करायला येतात. ॲपमध्ये 'वीज आल्यावर पूर्वस्थितीत राहा' असा पर्याय अनेकदा असतो. स्मार्टरावाला तो दुसऱ्या वळवानंतर सापडतो.

वेळापत्रकाचीही एक गंमत आहे. ॲपमध्ये ठिकाण आणि वेळेचा पट्टा नीट भरला नाही आणि उपकरण चीनच्याच वेळेवर राहिले, तर ते अडीच तास पुढे धावते. सातला लागायचा अंगणातला दिवा साडेचारला लखलखतो. आजी त्याकडे दुर्लक्ष करते. देवापाशी दिवा लावायची वेळ तिला ॲपने सांगावी लागत नाही. देवघरात स्मार्ट प्लग बसवण्याचा प्रस्ताव या दोन्ही जिल्ह्यांत सहसा मंजूर होत नाही.

बोलक्या स्पीकरशी आजीचे जमत नाही, याला मात्र आजी जबाबदार नाही. स्पीकरमधल्या अलेक्साला हिंदी २०१९ मध्ये आले, आणि आजी बोलते सांगलीकडचे मराठी. इकडच्या घरात पुढच्या खोलीला सोपा म्हणतात. "आगं, सोप्यातला दिवा लाव की," असे तिने मायेने सांगितले की स्पीकर सोफा शोधत बसतो. शेवटी खोल्यांना 'रूम वन', 'रूम टू' अशी लॉजसारखी नावे पडतात आणि आजी त्या यंत्राशी बोलणे टाकते.

सांगलीच्या पोटजातीत पुराच्या दिव्याचा एक खास प्रयोग आढळतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पातळी चाळीसला टेकली की हॉलचा दिवा पिवळा आणि पंचेचाळीसला लाल, अशी जोडणी स्मार्टराव करतो. दिवा पिवळा होईपर्यंत गल्लीने फ्रीज माडीवर चढवलेला असतो. तरीही कल्पना वाईट नाही, असे म्हणणे भाग आहे.

या सगळ्या खटाटोपात स्मार्टरावाच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. त्याच्या चुलत्याने मळ्यातल्या मोटारीला मोबाइल स्टार्टर केव्हाच बसवलेला असतो. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पूर्वी रात्री दोनला लाइट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागे, वाटेत साप, शिराळ्याकडे तर बिबट्याही. आता स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असते. चुलता अंथरुणातूनच फोन लावतो, मोटार चालू झाल्याचे पेटी सांगते, चुलता कूस बदलतो. ना पासवर्ड, ना पट्टा, ना अपडेट. किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना असलेल्या सांगली जिल्ह्यात यंत्राचे कौतुक माणसाला नवे नाही. पण यंत्राने चालणे वाचवले की ते टिकते, हे चुलत्याला कळलेले असते. हॉलमधले बटण तर सोफ्यापासून चार पावलांवर असते.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने तर उलटीच वाट धरली. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरे अभ्यासाला बसतात. एक भोंगा आणि गावाचे एकमत, एवढ्यावर एकाच वेळी इतकी उपकरणे बंद करून दाखवणे कोणत्याही ॲपला साधलेले नाही.

स्मार्टराव शेवटी गल्लीतल्या वायरमनला शरण जातो, आणि तिथेच त्याचे प्रश्न सुटू लागतात. वायरमन पुस्तिका वाचत नाही. तो बोर्ड उघडतो, टेस्टर लावतो आणि विचारतो, "न्यूट्रल कुठाय ह्यात?" जुन्या वायरिंगमध्ये बटणापर्यंत फक्त फेज येतो आणि तिथून हाफ वायर दिव्याकडे जाते, न्यूट्रल वरच्यावर छतातून निघून जातो. स्मार्ट स्विचच्या रेडिओला न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर प्लगचे सॉकेट आहे तिथे तो सापडतो, जिन्यातल्या एकट्या बटणापाशी सहसा नाही. न्यूट्रलशिवाय चालणारे मॉड्यूलही मिळते, पण त्यावर कमी वॅटचा एलईडी विझवल्यावरही मिणमिणतो. काही हौशी लोक अशा वेळी अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरतात. ते जिवाशी खेळणे आहे.

बल्ब साधाच ठेवावा आणि हुशारी बटणामागच्या मॉड्यूलमध्ये बसवावी, हा वायरमनचा तोडगा सगळ्यांत शहाणा. बटण पूर्वीसारखेच दाबले जाते, फोनवरूनही दिवा लागतो, वाय-फाय बंद पडला तरी आईचे अडत नाही आणि सेलोटेप निघते. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडावा. राउटर बदलला तर नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवावा, म्हणजे सगळी उपकरणे पुन्हा जोडत बसावे लागत नाही. बिघाड शोधताना आधी वीज, मग वाय-फाय, मग ॲप, आणि रिसेट सर्वांत शेवटी. स्मार्टराव नेमका उलट्या टोकाने सुरू करतो. आणि बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच खाली पाडावाच. ॲपवर 'बंद' दिसते, एवढ्यावर विसंबून वायरला हात लावू नये. टेस्टर लावून बघावे.