एक्लै?

३१ वर्षं मुद्रितशोधन केलेल्या बाईची नोकरी सुटते, डोळे सुटत नाहीत. वाण्याच्या पुडीवरचा ऱ्हस्व-दीर्घ खटकतो, लग्नपत्रिकेतल्या 'आशिर्वादा'ने पुढचं जेवण अळणी लागतं. सदाशिव पेठेतल्या छापखान्यात माडीवरच्या खिडकीशी बसून मी दुसऱ्यांची प्रवासवर्णनं तपासायची. खाली यंत्राची धडधड, समोर ओल्या शाईचा वास, आणि कागदावर कुणीतरी मानसरोवराच्या काठी उभं. त्या माणसांची पावलं मला कधी मोजता आली नाहीत, स्वल्पविराम मात्र सगळे मोजले. एका हिमालयवेड्या लेखकाच्या मजकुरात 'एकांताच्या शोधात'चं 'एकदंताच्या शोधात' झालं होतं. दोन प्रुफांतून ते तसंच निसटलं. तिसऱ्यात मी पकडलं, आणि पकडल्यावर उगाच चुटपुट लागली. बर्फात वणवण करणाऱ्या माणसाला गणपती भेटला असता, तर माझं काय जात होतं? तेव्हापासून मनात होतं, की एकदा आपणच एकटीने जावं आणि बघावं, तिथे नक्की काय भेटतं.

निवृत्तीनंतर घरात हा विषय काढला, तेव्हा ह्यांचे गुडघे पर्वतीच्या पायऱ्यांवरच निकालात निघालेले होते, त्यामुळे सोबतीचा प्रश्न नव्हता. हे म्हणाले, "जा की. पण एकटी जातेयस, तर सोबत कुणालातरी ने." मी हसले. मग कळलं, की नेपाळच्या पर्यटन मंडळाचंही अगदी हेच म्हणणं आहे. १ एप्रिल २०२३ पासून त्यांनी डोंगरवाटांवर जाणाऱ्या परदेशी माणसांना परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला होता. माझा नवरा आणि एका देशाचं मंडळ एकमेकांना न विचारता एकाच वाक्यावर येऊन थांबलेले पाहून मी वाद सोडला. ऑक्टोबरात निघाले. हा परदेश असा, की भारतीय माणसाला तिथे मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. माझ्या ओळखपत्रावरची बाई कुठल्याही देशाने नाकारावी अशी दिसते, तरी काठमांडूच्या खिडकीतल्या माणसाने तिला मान्य केलं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं होतं, ते केलं. पण भिंतीवरचं कॅलेंडर विक्रम संवताचं, २०८० सालचं. पंधरा मिनिटांची नि सत्तावन्न वर्षांची उडी एका दमात! १९६५ चा जन्म धरला, तर त्या हिशेबाने मी ११५ वर्षांची झाले. गुडघ्यांनी मात्र तो हिशेब आधीपासूनच धरलेला असावा.

खरी गंमत सुरू झाली पाट्यांपासून. परदेशात माणूस निरक्षर होतो म्हणतात. मी इथे पुरती साक्षर होते, आणि तीच अडचण होती. सगळं वाचता येत होतं. 'मन्दिर', 'बन्द', 'हिन्दू' अशा जोडाक्षरांवर अनुस्वार द्यायला माझी बोटं लाल शाईचं पेन शोधायची. 'यातायात व्यवस्था कार्यालय' अशी पाटी दिसली तेव्हा मी रस्त्यातच थबकले. आपल्याकडे यातायात म्हणजे नुसती दगदग, उरस्फोड. तिची रीतसर व्यवस्था लावणारं कचेरीखातं असावं ही कल्पनाच किती प्रामाणिक! तिथे ती फक्त वाहतूक होती. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, हे कळल्यावर शाळेतल्या काही बाई आठवून फारसं आश्चर्य वाटलं नाही. उतरले होते तिथल्या मालकांनी विचारलं, "संसार घुम्न निस्कनुभएको?" त्यांच्या भाषेत संसार म्हणजे जग. माझ्या भाषेत संसार म्हणजे चार डबे, एक कुकर आणि दुपारी झोपणारा नवरा. तो ठेवून मी हा बघायला निघाले होते, आणि शब्द एकच. सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटलं ते 'ळ'ला. नेपाळीत ळ नाही. गल्लीगल्लीतून मी त्याला शोधत फिरले, जत्रेत हरवलेल्या पोराला शोधावं तशी, कुठे नव्हता.

एकदंत मात्र होता. काठमांडू खोऱ्यातल्या जुन्या नेवार वस्त्यांत प्रत्येक टोलाचा, म्हणजे आळीचा, आपला गणपती असतो. वळणावर, विहिरीपाशी, भाजीच्या टोपल्यांमागे, शेंदराने आणि शतकांनी गोल गुळगुळीत झालेला. सकाळी कामावर जाणारी मुलगी चालता चालता त्याला बोट लावते, तेच बोट कपाळाला लावते आणि चालण्याचा वेग मोडत नाही. छापखान्याच्या खिळ्यांनी केलेली ती चूक मी उगाच दुरुस्त केली, असं भक्तपूरच्या तिसऱ्या वळणावर मला वाटू लागलं.

भक्तपूरला न्यातपोल मंदिर आहे, पाच छपरांचं. भूपतीन्द्र मल्ल राजाने १७०२ मध्ये ते बांधलं. १९३४ चा भूकंप त्याने सोसला, २०१५ चाही. आजूबाजूची देवळं कोसळली, हे उभं राहिलं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना राखणदारांच्या जोड्या आहेत. सगळ्यात खाली दोन मल्ल, साध्या माणसाच्या दसपट ताकदीचे. त्यांच्या दसपट वरचे हत्ती, हत्तींच्या दसपट सिंह, सिंहांच्या दसपट शार्दूल, आणि सगळ्यात वर सिंहिनी आणि व्याघ्रिणी या दोन देवी. मी पायरीवर बसून शून्यं मोजली: एक देवी म्हणजे एक लाख माणसं. एवढा बंदोबस्त ज्या गाभाऱ्यासाठी, त्याचं दार बंद. आत सिद्धिलक्ष्मी, आणि पुजाऱ्यांखेरीज तिचं दर्शन कुणाला नाही. मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा, खात मी त्या बंद दाराकडे बघत राहिले. दोन लाख माणसांचं बळ दाराशी, आणि आत ती एकटी. तिलाही घरून निघताना कुणीतरी सोबत घे म्हणून सांगितलं असणार.

पोखऱ्याहून वर निघालो, तेव्हा माझ्या सक्तीच्या सोबत्याची ओळख झाली. पंचविशीतला मुलगा. मी त्याला भाइ म्हणायचे, तो मला आमा. आता उल्लेरीपर्यंत जीप जाते, हे त्याने मला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. उल्लेरीच्या दगडी पायऱ्या तीन हजारांच्या वर आहेत म्हणतात. मी बाराशेपर्यंत मोजल्या; पुढे मोजायला लागणारा श्वास चढायला लागत होता. भाइच्या शब्दकोशात रस्त्याच्या दोनच जाती, उकालो म्हणजे चढ आणि ओरालो म्हणजे उतार. सपाट कधी लागेल विचारलं, की तो हात आडवा धरून लाटेसारखा हलवायचा. एका ओट्यावर मी निथळत बसले असताना त्याने ढगांकडे बघून समाधानाने सांगितलं, "भोलि घाम लाग्छ." उद्यापर्यंत थांबायची गरज नाही, हे माझ्या पदराकडे बघून कुणीही सांगितलं असतं. त्यांचा घाम म्हणजे ऊन. खाली येणाऱ्या खेचरांच्या घंटा ऐकू आल्या, की तो मला दंडाला धरून डोंगराच्या अंगाला उभं करायचा. दरीच्या अंगाला उभं राहायचं नाही, एवढा एकच नियम त्याने कडक आवाजात सांगितला.

आणि दारोदारी तो प्रश्न. उंबऱ्यावर मका सोलणारी, दगडावर कपडे आपटणारी, ओट्यावर मिरच्या वाळत घालणारी, प्रत्येक बाई मला वरपासून खालपर्यंत बघायची आणि विचारायची, "एक्लै?" भाइ माझ्याच शेजारी उभा असायचा. तरीही एक्लै? त्याला वाईट वाटत नसे. वाक्यात स्वल्पविराम असतो तसा तो होता. त्याच्यावाचून वाचणारा धापा टाकेल, पण शब्दसंख्येत त्याला धरत नाहीत. पुण्यात 'एकट्याच का?' या प्रश्नाला एक भुवई असते. इथे ती भुवई सापडेना. मग मी मान हलवून 'एक्लै' म्हणायला शिकले, आणि म्हणताना जराशी ऐटही आली.

पूनहिल ३,२१० मीटर आहे, आणि नेपाळात त्याला टेकडी म्हणतात. आमचं कळसूबाई, १,६४६ मीटरचं, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. भूगोलाच्या पुस्तकाच्या प्रुफात त्या आकड्याखाली मी एकदा अभिमानाने रेघ ओढली होती. पहाटे चार वाजता कपाळावर दिवे बांधलेली शेकडो माणसं त्या टेकडीवर चढत होती, काजव्यांची शाळा सुटल्यासारखी. वर पोहोचल्यावर कळलं, की त्यांतली बरीचशी माझ्यासारखीच एकटीने आलेली. उजाडलं आणि सगळ्या एकट्यांची एकच धांदल उडाली, कारण एकट्याचा फोटो काढायला दुसरा माणूस लागतो. मी सातजणांचा एकांत टिपला. माझा एका कोरियन आजोबांनी टिपला, त्यात त्यांचं बोटही आलं आहे. मग धौलागिरीवर तांबूस रंग चढला, आणि पाठोपाठ अन्नपूर्णेवर. ८,०९१ मीटर. माझ्या देव्हाऱ्यात लग्नात माहेरहून आलेली अन्नपूर्णा आहे, पितळेची, बोटभर उंचीची, वाटीतल्या तांदळात बसलेली. तिच्या हातात पळी आहे. त्या थंडीत नाक पुसत मी कितीतरी वेळ वर बघत होते, कुठे पळी दिसते का म्हणून.

त्या दिवशी घोरेपानीला फोन लागला. हे दुधाच्या हिशेबाबद्दल बोलले, गॅसच्या नंबराबद्दल बोलले, मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. शेवटी नेहमीचं म्हणाले, "बरं, काळजी घे." आठ दिवसांनी ळ ऐकला. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." ह्यांना वाटलं, रेंज गेली.

घान्द्रुक हे गुरुंग लोकांचं गाव. आमच्या महाराष्ट्राच्या डोक्यावरून आणखी साडेतीनशे मीटर वर हे लोक निवांत कोबी लावतात. समोर माछापुच्छ्रेचं शिखर, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं. १९५७ मध्ये एक ब्रिटिश मोहीम माथ्याच्या पन्नासेक मीटर अलीकडून मागे फिरली. लोक त्याला पवित्र मानतात, म्हणून तिथे चढायची कुणाला परवानगीच नाही. घटस्थापना आठवड्यावर आली होती. गावाच्या टोकाला पोरं दसैंचा, म्हणजे तिथल्या दसऱ्याचा, उंच बांबूंचा झोपाळा बांधत होती. भाइ त्यांना मदत करायला गेला. जाताना म्हणाला, त्याचे दोन्ही भाऊ कतारला आहेत, आणि घरी आईला झोपाळा बांधणारं कुणी नाही. मग हसला, आई झोपाळ्यावर थोडीच बसणार म्हणून.

ज्या घरात उतरले, तिथल्या बाई माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. भिंतीवर तीन मुलांचे फोटो, तिन्हींच्या मागे वेगवेगळ्या देशांच्या इमारती. फोटोंखाली पाच खाटा, चारांवरची अंथरुणं गुंडाळलेली. चुलीपाशी बसवून त्यांनी ताट वाढलं: भात, डाळ, गुन्द्रुकची भाजी, मुळ्याचं लोणचं. "मिठो छ?" त्यांनी विचारलं. मीठ बरोबर आहे का, असं वाटून मी म्हटलं, "हो, बेताचंच आहे." मिठो म्हणजे चवदार, हे मला नंतर कळलं. त्या गप्प झाल्या, मग जराशाने ठरलेला प्रश्न आलाच. "एक्लै?"

मी मान हलवली. इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं ते आत्ता सुचलं, आणि मोडक्या नेपाळीत मी विचारलं, "अनि तपाईं?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. झोपाळ्याकडून पोरांचा आरडाओरडा येत होता.

"एक्लै," त्या म्हणाल्या, आणि भाताची पळी माझ्या ताटावर धरून उभ्या राहिल्या. "थपौं?"