मागितला होता, दिला नाही

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. आपले सव्वाचारशे कोटी रुपये सहज. पण लिलावाआधी ती सहा कोटी डॉलरच्या पुढे जाईल अशी हवा होती. म्हणजे एवढी रक्कम येऊनही कुणीतरी म्हणालंच असेल, ‘घाई झाली, अजून थोडं थांबायला हवं होतं.’ हे वाक्य मी ओळखतो. मुरबाडच्या चहाच्या टपरीवर ते रोज कानावर पडतं. फक्त तिथल्या गाडीला पुढे शिंगं असतात.

मुरबाड-शहापूरची क्लासिक स्पोर्ट्स कार म्हणजे शर्यतीचा बैल. हसू नका. इटलीतल्या लाम्बोर्गिनीनं आधी ट्रॅक्टर बनवले, मग १९६३ मध्ये स्पोर्ट्स कारचा कारखाना काढला आणि चिन्ह घेतलं बैलाचं. त्याच्या मिउरा गाडीचं नावसुद्धा लढाऊ बैल पोसणाऱ्या स्पॅनिश घराण्याचं. तिकडे ट्रॅक्टरवाला स्पोर्ट्स कारकडे वळला. इकडे भाताच्या खाचरात पॉवर टिलर उतरला, बैलाच्या मानेवरचं जू गेलं आणि रिकामा झालेला बैलच स्पोर्ट्स कार झाला. दोन्हीकडे हिशेब एकच: ज्याचं शेतात काम उरत नाही, त्याचा भाव चढतो.

जाणकारी मात्र इकडची जास्त. फेरारीचा चासी नंबर तपासायला तज्ज्ञ बोलवावे लागतात. इथं हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, बैलाचा जबडा उघडतो आणि दात बघून एका नजरेत वय सांगतो: आदत, दुसा, चौसा, की जुळलेला. या मीटरचे काटे मागे फिरवता येत नाहीत. मग खिल्लार आहे का, खांदा कसा आहे, आणि मुख्य म्हणजे बिनजोडीत, एकास एक भिडल्यावर, गुलाल किती वेळा घेतला. न्यूयॉर्कमध्येही जुन्या गाडीनं कोणत्या शर्यती मारल्या यावरच बोली चढते. गुलाल तेवढा आपला.

आता निर्देशांकाचं. शेअर बाजार दलाल स्ट्रीटवर हलतो, बैलबाजार दिल्लीच्या टिळक मार्गावर. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि दावणीचा सचिन एका दुपारीत रिटायर झाला. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, तर उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. धाव १००० मीटरपर्यंत, चाबूक-काठी बंद, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. या साडेसात वर्षांच्या उपासात ज्यांनी बैल काढले ते आजही हात चोळतात. ज्यांनी ठेवले ते दूरदृष्टीच्या गोष्टी सांगतात. खरं तर त्यांनाही तेव्हा गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, पण ते कशाला बोला?

फेरारीवाल्याचं एक बरं असतं. त्या लिलावातल्या गाडीच्या मालकानं ती १९८५ मध्ये घेतली होती. अडतीस वर्षं ठेवली, तरी ती म्हातारी झाली नाही, महाग झाली. बैलाची पळायची वर्षं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. फेरारी गॅरेजमध्ये उभी राहिली तर पेट्रोल पीत नाही. बैल उभ्या उभ्या दूध, अंडी, उडीद खातो आणि मालकाच्या पोरांकडे बघत रवंथ करतो. फेरारी मोडली तर भंगारवाला तरी येतो. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. तेव्हा उतारवयातल्या बैलाचा भाव किती, हे सरकार सांगत नाही, हेडी सांगत नाही, आणि मालक विषय बदलतो.

मग विकायचा कधी? अर्थशास्त्र सोपं आहे: गुलाल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. पण त्या दिवशी मालक बॅनर छापत असतो. बॅनरवर बैल मधोमध आणि भोवती ज्यांनी त्याला कधी चारा घातला नाही असे अठरा शुभेच्छुक. अशा वेळी मागणी येते आणि तिच्यातून आमच्या भागातलं सर्वात मौल्यवान वाक्य जन्माला येतं: ‘इतक्या लाखाला मागितला होता, दिला नाही.’ या वाक्यावर माणूस दहा वर्षं काढतो. दर वर्षी त्यात एक लाखाची भर पडते, आणि या वाढीवर आयकर नाही.

गंमत अशी की जमिनीच्या बाबतीत हे वाक्य कुणी म्हणत नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. पाचपट मोबदल्याच्या कागदावर सह्या झाल्या तेव्हा कुणी दात बघितले नाहीत, खांदा चाचपला नाही. आजोबांनी बांध घातलेलं खाचर एका पेनात गेलं. आता तिथून गाड्या १२० नं जातात. दुचाकीलाही तिथं मज्जाव आहे, बैलाचं नाव काढू नका.

पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत शहापूरकडचा असाच एक दोस्त भेटला. रस्त्याला जमीन दिलेला, आणि बैल घेऊन आलेला. बाजारात हेड्यानं रुमाल टाकला, दोघांचे हात आत गेले, बोटं दाबली गेली. हेडी मान डोलावतोय, माझा दोस्त मान हलवतोय. पुन्हा बोटं. शेवटी यानं हात बाहेर काढला आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय. इकायचा नाय तो. निस्ता भाव बघत होतो.”

बैल पुन्हा टेम्पोत चढला. परतीच्या वाटेवर सरळगावला टेम्पो थांबवून त्यानं पेंढ्याचे भारे विकत घेतले. घासाघीस केली नाही. समोरच्यानं सांगितला तो भाव दिला.